तुझे आजोबा कशाने गेले?

पहिल्या भेटीत मॅडमनी मला मार्क विचारले नाहीत. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती. मी घाटकोपरहून इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला गेलो होतो. माझी फाइल त्यांनी न उघडता बाजूला सारली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "तुझे आजोबा कशाने गेले?"

मला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"दारूने, मॅडम."

"हे वडिलांचे वडील ना? आणि आईचे?"

"ते झोपेत गेले."

"झोपेने कोणी जात नाही. झोपेत काहीतरी होतं, म्हणून माणूस जातो. घरी विचारून ये."

घरी विचारलं तर आजी वैतागली. म्हणाली, "तेंका जावन इतकी वर्सां झाली, आता कित्याक होया तां तुका?" पण सांगितलं. लघवी बंद झाली होती, पाय सुजले होते. दुसऱ्या दिवशी मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये. आणि एकदा सोनोग्राफी करून घे."

सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. नोकरी मात्र लागली.

हा प्रश्न त्या कोणालाही विचारायच्या. बँकेतल्या बाईंना, लॅबच्या एसीला गॅस भरायला आलेल्या माणसाला. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांच्या शेजारी जेवायला बसल्या आणि जिलबी मोडता मोडता त्यांना विचारलं, "तुमच्या घरात किडनीचं कोणाला काही?" सासरे गावातल्या मोठ्या घरचे. मुलीच्या लग्नात हे असलं विचारणारी बाई त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. माझी बायको अजून तो प्रसंग सांगून हसते. मलाही हसू यायचं. पुढे पुढे येईनासं झालं.

दिसायला मॅडम अगदी साध्या होत्या. ठेंगण्या, केस बॉयकट, सुती साडी आणि खाली चालायचे बूट. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत स्टीलची एक भली मोठी बाटली. दर थोड्या वेळाने त्या ती बाटली तोंडाला लावायच्या. तहान लागली म्हणून नव्हे. घड्याळ बघून प्यायच्या. चहा कधी घेतला नाही, कॉफी नाही. कोणी आग्रह केला तर म्हणायच्या, "माझ्या वाटचा तू घे." लॅबमध्ये आमच्यात पैजा लागायच्या, मॅडम दिवसाला किती पाणी पितात यावर. लहर, दुसरं काय, असं आम्ही समजायचो.

मुलुंडला राहायच्या. पूर्वेकडे, एका सोसायटीत. रोज बसने अंधेरीला यायच्या आणि बसमध्ये पेपर वाचत नसत. शेजारच्या बाईशी बोलत. कशाबद्दल ते सांगायला नको.

आमचं काम समजावून सांगायला मॅडमसारखं कोणाला जमलं नाही, तरी प्रयत्न करतो. शरीरातल्या बहुतेक पेशींवर एक बारीक केस असतो, एका पेशीवर एकच. शास्त्रात त्याला प्रायमरी सिलियम म्हणतात. मॅडम नुसतं 'केस' म्हणायच्या. किडनीतल्या नळ्यांना आतून ज्या पेशींचं अस्तर असतं, त्यांच्यावरही तो असतो. लघवी वाहते, केस वाकतो, पेशीला कळतं की सगळं ठीक चाललंय, आपण गप्प बसावं. पण पेशीला जेव्हा दुभागायचं असतं, एकीच्या दोन व्हायचं असतं, तेव्हा तिला केस मिटवून घ्यावा लागतो. कारण केस ज्या मुळावर उभा असतो, तेच मूळ दुभागण्याच्या कामाला लागतं.

"एकच खुंटी आहे," मॅडम सांगायच्या. "छत्री तरी टांगा, नाहीतर पिशवी टांगा. दोन्ही नाही."

पेशी दुभागण्याचं काम चालवणारी काही एन्झाइम्स असतात. वेळ आली की यायचं, काम उरकायचं आणि नाहीसं व्हायचं, एवढाच त्यांचा धंदा, असं बरीच वर्षं लोक धरून चालले होते. मग त्यांतली काही केसाच्या मुळाशी बसलेली सापडली. केस कधी मिटायचा, हे तीच सांगतात. मॅडमनी सगळं आयुष्य अशा एका एन्झाइमच्या मागे घातलं. एक आजार आहे, त्यात किडनीत पाण्याचे फुगे धरतात. आधी मोहरीएवढे, मग द्राक्षाएवढे, मग लिंबाएवढे. किडनी वाढत जाते आणि काम बंद करते. आई किंवा बाप, एकाला असला तरी मुलांत उतरतो. सगळ्यांत नाही, निम्म्यांत. मॅडमचं म्हणणं होतं की या आजारात ते एन्झाइम गप्प बसत नाही. पेशीला सारखं सांगत राहतं, मीट केस, हो दोन.

बशीत वाढवलेल्या पेशींना केस उगवायला लावायचा तर त्यांना उपाशी ठेवावं लागतं. खाणं तोडलं की त्या दुभागायच्या थांबतात आणि केस वर येतो. खाणं दिलं की पुन्हा मिटतो. मॅडम यावरून म्हणायच्या, "भरल्या पोटी कोणी ऐकत नाही." पेशी ज्या कपाटात ठेवायच्या, त्याच्या दारावर त्या चिकटपट्टीवर लिहून लावायच्या, 'उपास चालू. दार उघडू नये.' आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या मावशींनी ती पट्टी महिनाभर वाचली आणि एके दिवशी मॅडमच्या टेबलावर केळी आणि राजगिऱ्याचे लाडू आणून ठेवले. म्हणाल्या, "मॅडम, रोजचे उपास बरे नव्हेत. वय झालंय तुमचं." मॅडमनी एक लाडू तिथेच खाल्ला. मग मावशींना अंधाऱ्या खोलीत नेलं, मायक्रोस्कोपशी बसवलं आणि हिरवे चमकणारे केस दाखवले. "हे उपाशी आहेत, मी नाही," म्हणाल्या. मावशी बराच वेळ बघत होत्या.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण मॅडमच्या घरात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. ते मला कळायला दोन-तीन वर्षं गेली.

एकदा मॅडमना काही कागद द्यायला मी मुलुंडला गेलो. लिफ्ट बंद होती. जिना चढत होतो, तर त्यांच्या मजल्याच्या खालच्या वळणावर मॅडम उभ्या. नुकत्या घरी पोचत होत्या. भिंतीकडे तोंड करून बाटलीतलं पाणी पीत होत्या, घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत. बाटली पिशवीत टाकली, पदराने तोंड पुसलं आणि वळल्या तर मी.

"घरात नाही पीत मी," त्या म्हणाल्या. "चल वर."

वर त्यांची धाकटी बहीण होती. मॅडम तिला 'धाकटी'च म्हणायच्या, ती यांना 'ताई'. मॅडमपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण दिसायला मोठी. रंग मातकट, हात काटकुळे, एका हाताच्या शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिच्या उशाशी एक छोटं फुलपात्र होतं. डॉक्टरांनी दिवसभराचं पाणी ठरवून दिलं होतं आणि ते या फुलपात्राने मोजून घ्यायचं. शरीराबाहेर टाकायला वाटच नव्हती, जास्त प्यायलं की ते छातीत साचायचं.

आजार दोघींना होता. बापाकडून आलेला. मॅडमचे फुगे अजून लहान होते आणि ते तसेच राहावेत म्हणून त्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. एकाच घरात एकीला पाणी औषध होतं आणि दुसरीला विष. म्हणून मॅडम जिन्यात प्यायच्या.

धाकटीने मला बसायला सांगितलं. "चहा घे. आमच्याकडे चहा फक्त पाहुणे पितात," म्हणाली. तिची जीभ तिखट होती, मला आवडली.

नंतर एकदा बसथांब्यावर मॅडमनी आपणहून सांगितलं. वडील गिरणीतून सुटल्यावर वर्षभरात गेले. आईने सगळ्यांना सांगितलं, कावीळ झाली. धाकटीचं लग्न व्हायचं होतं ना. लग्न झालं, चांगलं झालं. मग धाकटीचं पोट वाढायला लागलं. घरच्यांना वाटलं दिवस गेले. सोनोग्राफीत फुगे निघाले. सासरच्यांनी विचारलं, तुमच्यात हे कोणाला होतं? आई गप्प बसली. तेव्हा त्यांनी धाकटीला माहेरी आणून सोडलं. "फसवलं म्हणाले," मॅडम सांगत होत्या. "चूक नव्हते ते. आम्ही फसवलंच होतं." बस आली आणि त्या चढल्या.

आमच्या कामात एक बरा दिवस आला. त्या एन्झाइमला आवर घालणारं एक रसायन आम्ही वापरत होतो. बशीतल्या जेलमध्ये पेशी वाढवल्या की त्याही गोल पोकळ फुगे करतात, अगदी आजारातल्यासारखे. रसायन घातल्यावर ते फुगे वाढायचे थांबले. पेशींवर केस परत उभे राहिले. मी धावत मॅडमना बोलवायला गेलो. त्यांनी एक फुगा पाहिला, दुसरा पाहिला. मग म्हणाल्या, "परत कर. मला बघायचं होतं तेच दिसलं, म्हणून परत कर." परत केलं, पुन्हा तेच निघालं.

आमची लॅब ज्या संस्थेची, तिच्या संचालकांनी बातमीसाठी मजकूर तयार केला. त्यात होतं, किडनीच्या रुग्णांना आशेचा किरण. मॅडमनी 'आशेचा किरण' खोडलं आणि वर लिहिलं, 'बशीतल्या पेशींमध्ये'. संचालक म्हणाले, "असं कोण छापेल?"

"नका छापू."

पण एका स्थानिक पेपरने छापलंच, आणि खोडलेलं सगळं परत घालून. डायलिसिसला शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या एका गृहस्थांनी तो पेपर धाकटीच्या हातात दिला. "हे तुमच्या ताईंचंच ना?"

दुसऱ्या दिवशी धाकटी रिक्षाने एकटी लॅबमध्ये आली. मुलुंडहून अंधेरी. तीन जिने थांबत थांबत चढली. मावशींनी तिला खुर्ची दिली. मॅडमनी तिची धाप बसू दिली, मग तिला अंधाऱ्या खोलीत नेलं. मी यंत्र लावून दिलं आणि कोपऱ्यात उभा राहिलो.

"हे माझ्यात आहेत?" धाकटीने विचारलं.

"होते."

"आणि त्या औषधाने परत येतात?"

"बशीत येतात."

"ताई, मला दे ते."

मॅडमनी दिवा लावला. "ते औषध नाही, धाकटे. रसायन आहे. माणसाला अजून कोणी दिलेलं नाही. ते पेशी दुभागू देत नाही. किडनीतल्याच नाही, सगळीकडच्या. आतड्यातल्या, रक्तातल्या. उंदरांवरसुद्धा व्हायचंय अजून."

"मग मला उंदीर समज."

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"वेड्यासारखं? रस्त्यातल्या बायांना विचारत फिरतेस तुझा बाप कशाने मेला, आणि वेडी मी? दुसऱ्याची किडनी मिळायची नाही मला, माहितीय. यादीत माझ्यापुढे किती जण आहेत. तू देऊ शकत नाहीस, तुझीच नासलेली. मग काय उरलंय माझ्याकडे जपायला?"

"मी देऊ शकत नाही."

"तुझ्या पोटातही आहेत ना? तू तरी घे. तू घेतलंस तर मी वाट बघेन."

"मी घेतलं तर मला जे दिसेल ते खरं की मला हवं म्हणून दिसलं, हे कधीच कळणार नाही. आणि मी घेतलं की तुला द्यावं लागेल. म्हणून नाही."

"तुझ्या हातात आहे आणि तू देत नाहीस," धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आईने निदान माझ्या भल्यासाठी लपवलं."

ती उठली. मॅडमनी हात पुढे केला तो तिने धरला नाही. मावशींचा धरला आणि खाली उतरली.

त्या दिवसापासून धाकटी मॅडमशी बोलली नाही. घर तेच, दोन खोल्या. डायलिसिसला मॅडम तिच्याबरोबर जातच राहिल्या. तिथे तिच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसायच्या, पाय दाबून द्यायच्या. धाकटी पाय काढून घ्यायची नाही, पण बघायचीही नाही. मी कधी गेलो तर मला म्हणायची, "तिला सांग, पंखा कमी करायला." मॅडम पंखा कमी करायच्या. "तिला सांग, घरी जा म्हणावं, मी येईन." मॅडम बसून राहायच्या. शेजारचे ते गृहस्थ ओशाळून पेपरात तोंड घालायचे.

मी एकदा धीर करून मॅडमना म्हटलं, "मॅडम, तुम्ही समजावून सांगा ना परत."

"तिला समजलंय सगळं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर."

लॅबमध्ये त्या पहिल्यासारख्याच होत्या. पाणी प्यायच्या, चिकटपट्ट्या लावायच्या. फक्त लोकांना आजोबांचं विचारणं कमी झालं. संस्थेने उंदरांच्या कामाला परवानगी दिली होती. आजार असलेले उंदीर वाढवायचे, काहींना लहानपणीच रसायन सुरू करायचं, काहींना किडनी पुरती फुगल्यावर. मॅडमनी आराखडा करून दिला, पण उंदरांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. ते काम माझ्यावर सोपवलं.

पावसाळा संपता संपता धाकटीला ताप भरला. हाताच्या शिरेतून संसर्ग रक्तात गेला होता. आयसीयूत ठेवलं. बाहेरच्या बाकावर मॅडम आणि मी. आत एकेकालाच सोडायचे, थोडा वेळ. मॅडम जाऊन यायच्या आणि बसायच्या. मी विचारायचो, काही बोलल्या? मॅडम नाही म्हणून मान हलवायच्या.

सकाळी सिस्टर बाहेर आली तेव्हाच आम्हाला कळलं. मॅडम उठल्या, साडी नीट केली. सिस्टरला विचारलं, "शेवटी काही म्हणाली?"

"पाणी मागितलं," सिस्टर म्हणाली.

"दिलंत?"

"ओठ ओले केले. जास्त देता येत नाही ना."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "देता येत नाही."

दिवस झाल्यावर मॅडम कामावर आल्या. त्यांना पाण्याची आठवण आता मावशी करून द्यायच्या. नाहीतर बाटली भरलेली तशीच संध्याकाळी घरी जायची.

उंदरांचे निकाल हाती यायला पुढचा उन्हाळा उजाडला. मी सगळे फोटो, सगळी मापं जुळवली, दोनदा तपासली आणि जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडमच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं. ज्या उंदरांना लहानपणी रसायन सुरू केलं होतं, त्यांच्या किडन्या जवळजवळ नीट राहिल्या होत्या. त्यांचे केस जागेवर होते. मॅडमनी जे म्हटलं होतं ते खरं होतं. आणि ज्यांना उशिरा दिलं, किडनी पूर्ण फुगल्यावर, त्यांना काडीचाही फरक पडला नव्हता. ते थोडे रोडावले होते, एवढंच.

मॅडमनी फोटो एकेक करून पाहिले. उशिराचे परत पाहिले.

"उशिरा दिलं तर उपयोग नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, मॅडम."

"रसायनाने मेला त्यांतला कोणी?"

"नाही. वजन घटलं थोडं. बाकी काही नाही."

मला वाटत होतं, हे ऐकून त्यांचं मन हलकं होईल. इतके महिने मी त्याच दिवसाची वाट बघत होतो, खरं सांगायचं तर. मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या बहिणीला दिलं असतंत तरी उपयोग झाला नसता. तुमचं बरोबर होतं, मॅडम."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बरोबर होतंच रे. आज परत दारात येऊन उभी राहिली तरी मी नाहीच देणार." मग त्या फोटोंकडे बघत राहिल्या, चष्म्याशिवाय, म्हणजे त्यांना काही दिसत नसणार. "पण दिलं असतं तर माझ्याशी बोलत गेली असती."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो. बाहेर मावशी बादली सरकवत होत्या. लॅबमधल्या पोरांनी दोनदा दार वाजवलं, मी उघडलं नाही. त्या दुपारी आम्ही दोघांनी काही काम केलं नाही.